इंग्रजीतलं फ्रेंच न घाबरता कसं वाचायचं आणि बोलायचं

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही नव्या टॉवरचं ब्रोशर उघडा. फसाड (बिल्डिंगची दर्शनी बाजू), फॉयर (आत शिरल्यावरची मोकळी जागा), कॉन्सिएर्ज (रहिवाशांची कामं बघणारा माणूस), ऑन-स्वीट बेडरूम (बाथरूम जोडलेली), पोर्ट कोशेर (गाडीतून उतरायला दारापुढचं छत), आणि बिल्डिंगचं नाव शातो (म्हणजे वाडा) अमुकतमुक, खाली पत्ता कासारवडवलीचा. साईट ऑफिसातला पोरगा फसाडला "फकेड" म्हणतो आणि आपण मान डोलावतो, कारण आपल्यालाही नक्की माहीत नसतं.

मी ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांच्या फ्रेंचच्या शिकवण्या घेते. मुलं येतात मार्कांसाठी, फ्रेंच स्कोअरिंग आहे असं कोणीतरी सांगितलेलं असतं, पण न्यायला आलेले आईबाबा दारात उभं राहून विचारतात ते वेगळंच. मॅडम, ऑफिसात मेलमध्ये हे असं येतं, याचा अर्थ काय, आणि म्हणायचं कसं? तर हे त्यांच्यासाठी. फ्रेंच शिकायची अजिबात गरज नाहीये, कोर्सबिर्स लावू नका. इंग्रजीत असे वाक्प्रचार शेकड्यानं आहेत पण रोज आडवे येणारे वीसेक असतील, तेवढे जमले की काम भागतं.

आधी तोंडाचं बघू

शेवटचं व्यंजन गिळायचं, हा पहिला नियम आणि ऐंशी टक्के काम यानंच होतं असं समजा. फो पा (चारचौघांत होणारी चूक), रॉन्डेव्हू, कू, डेब्यू, या सगळ्यांच्या शेवटी स्पेलिंगमध्ये एस किंवा टी किंवा पी बसलेला आहे आणि तो बोलायचा नाही. हे आपल्याला नवीन नाही खरं तर. बुफे, बुके, डेपो आपण मराठीत कधीपासून बरोबरच म्हणतोय, खोपटच्या एसटी डेपोला "डेपॉट" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. अपवाद म्हणजे सी, आर, एफ आणि एल ही चार अक्षरं. केअरफुल या इंग्रजी शब्दातली व्यंजनं, म्हणून लक्षात राहतात. शेफमधला फ, शीकमधला क, न्वारमधला र हे म्हणून ऐकू येतात.

दुसरा नियम पहिल्याला चिकटूनच आहे. शब्दाच्या शेवटी बिनरेघेची ई असेल तर ती स्वतः बोलत नाही पण तिच्या आधीचं व्यंजन बोलायला लावते. म्हणून फसाडचा ड ऐकू येतो, कॉन्सिएर्जमधला ज ऐकू येतो (तो "कॉन्सिएर" नाही), आणि म्हणूनच कू द ग्रास मध्ये शेवटी स आहे. हा शेवटचा खास सांगते कारण यात शिकलेले लोकच जास्त फसतात. फ्रेंचमध्ये शेवट गिळायचा एवढं कानावर पडलेलं असतं, मग उत्साहात "कू द ग्रा" म्हणतात. ग्रास म्हणजे दया, कू म्हणजे घाव, तडफडणाऱ्याला सोडवणारा अखेरचा घाव असा अर्थ. आणि ग्रा म्हणजे चरबी. चरबीचा घाव. शेवटच्या ओव्हरमधल्या सिक्सरला कोणी असं म्हणालं तर हसू नका, पण तुम्ही म्हणू नका.

तिसरी गोष्ट आपल्या फायद्याची. इंग्रजांची जीभ टी-डी म्हणताना हिरडीपाशी जाते, फ्रेंचांची दातांना लागते, म्हणजे सरळसरळ आपला त आणि द. तेत-आ-तेत (दोघांतच बसून बोलणं) हे ठाण्याचा माणूस लंडनच्या माणसापेक्षा फ्रेंचांच्या जास्त जवळचं म्हणतो, काहीही न शिकता. नाकातले उच्चारही तसेच. ऐकू आलं नाही की आपण "हँ?" करतो ना, तो स्वर नाकातून निघतो आणि शेवटी न किंवा म वर बंद होत नाही, फ्रेंच अनुस्वार म्हणजे तेच. बों व्वायाज म्हणताना बों तसाच उघडा सोडायचा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी अमेरिकेला मुलाकडे निघालं की "बॉन व्हॉयेज"चा पाऊस पडतो, वाचणाऱ्याला कळतं, चालतंय.

एच तर बोलायचाच नाही. ओर दव्र, म्हणजे जेवणाआधीचं चटरमटर, याचं स्पेलिंग बघितलं की माणूस "हॉर्स" म्हणून सुरुवात करतो आणि पुढे घोडा कुठेच जात नाही. इंग्रजीत म्हणताना ऑर डर्व्ह. आणि वू मधला ऊ, ओठ ऊ चे करून जीभ ई ला न्यायची असा अवघड प्रकार आहे, साधा ऊ म्हटला तर फ्रेंच माणसाला डेझा वू (आधीच पाहिलेलं) चं "आधीच तुम्ही" ऐकू येतं. इंग्रज लोक साधा ऊच म्हणतात, आपणही तेच करू. घशातला र पण विसरा, उगाच खाकरल्यासारखं होतं.

आता हे किती फ्रेंच करायचं? माझं स्पष्ट मत, इंग्रजी बोलताना इंग्रजीतला रुळलेला उच्चार करायचा. ऑन रूट, फो पा, डेझा वू, कार्ट ब्लांश. मुंबईत शिकून आलेली मंडळी मीटिंगमध्ये मधेच नाकात जाऊन अस्सल पॅरिसचा उच्चार काढतात, ऐकणारा दचकतो आणि पुढचं वाक्य हुकतं. उलट टोक म्हणजे स्पेलिंग जसंच्या तसं वाचणं. मधला रस्ता डिक्शनरीच्या अ‍ॅपमध्ये स्पीकरचं चित्र असतं तिथे मिळतो, दोनदा दाबून ऐकायचं, ठाणे-वाशी लोकलमध्ये कानात घालून बसलात तर शेजारच्यालाही त्रास नाही.

अ‍ॅग्रीमेंटमधलं फ्रेंच, इथे पैसे जातात

इंग्रजीत हे सगळं आलं कुठून तर १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे जवळपास तीनशे वर्षं दरबार, कोर्टकचेरी, जमिनीचे व्यवहार यात फ्रेंचच चालायचं. १३६२ मध्ये कायदाच करावा लागला की कोर्टात आता इंग्रजीत बोला कारण लोकांना फ्रेंच कळत नाही, आणि तो कायदा लिहिला कशात तर फ्रेंचमध्ये. त्यामुळे कायद्याच्या इंग्रजीत फ्रेंच इतकं मुरलंय की ते वेगळं ओळखूच येत नाही. ठाण्यात ज्याच्या घराचा हप्ता चालू नाही असं घर शोधावं लागेल, तर तो मॉर्गेज शब्द म्हणजे मोर आणि गाज, मेलेलं तारण. कर्ज फेडलं की तारण मेलं, नाही फेडलं की घर तुमच्यापुरतं मेलं, सतराव्या शतकात एडवर्ड कोक या इंग्रज कायदेपंडितानं हे असंच समजावून सांगितलंय. टी बोलायचा नाही हे वेगळं सांगायला नको. हायकोर्टातल्या मुख्य न्यायमूर्तींखेरीजच्या न्यायमूर्तींना जे प्युनी जज म्हणतात तेही फ्रेंचच, स्पेलिंगमध्ये मधे एक एस आहे पण उच्चार प्युनी, मूळ अर्थ मागून जन्मलेला, म्हणजे ज्युनिअर.

पण घर घेणाऱ्यानं नीट वाचायचा शब्द एकच, फोर्स मॅजर. शब्दशः अर्थ आपल्यापेक्षा मोठी ताकद. नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेत ही कल्पना आहे, तिथून जगभरच्या करारांत पसरली. आपल्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टमध्ये हा शब्द नाही, तिथे कलम ३२ आणि ५६ वरून काम भागवतात, पण २०१६ च्या रेरा कायद्यात (बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहारांचा कायदा) कलम ६ मध्ये तो चक्क अर्थासकट दिलाय: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा प्रोजेक्टच्या कामावर परिणाम करणारी निसर्गाची दुसरी कुठली आपत्ती. एवढंच. तर करायचं काय, अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट हातात आला की सह्या करायच्या आधी हा शब्द शोधायचा, पीडीएफ असेल तर सर्चमध्ये नुसतं "फोर्स" टाकलं तरी सापडतो, आणि त्याच्यापुढे बिल्डरनं काय काय जोडलंय ते बोट ठेवून वाचायचं. सिमेंट मिळालं नाही, मजूर गावाला गेले, परवानगीला उशीर झाला, हे सगळं त्या यादीत हळूच बसवलेलं असेल तर ती निसर्गाची आपत्ती नाही, ते धंद्याचं कारण आहे. महारेराचा मॉडेल करारनामा त्यांच्या साईटवर आहे, शेजारी उघडून ताडून बघा आणि वकिलाला त्या ओळीवर खूण करून द्या. २०२० मध्ये कोविडला फोर्स मॅजर धरून प्रोजेक्टना मुदतवाढ मिळाली तेव्हा ठाणे-नवी मुंबईत ताबा लांबलेल्या कितीतरी घरांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला, आणि तोही चुकीच्या वेळी.

नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये याचा लहान भाऊ असतो, इन ल्यू ऑफ. ल्यू म्हणजे जागा. नोटीस पिरियडच्या जागी पैसे. "व्ह्यू" लिहू नका, फार जण लिहितात.

लग्नपत्रिका आणि मेन्यू कार्ड

आर.एस.व्ही.पी. ही चार अक्षरं म्हणजे रेपोंदे सिल वू प्ले, कृपया उत्तर द्या. कृपया त्यातच आलं, त्यामुळे "प्लीज आर.एस.व्ही.पी." छापलं की दोनदा कृपया होतं. पण खरी अडचण ही नाही, खरी अडचण ही की आपण उत्तरच देत नाही. पत्रिकेवर खाली काका-मामांची नावं आणि मोबाईल नंबर त्यासाठी दिलेले असतात हेच लोकांना माहीत नसतं, "आमचे येथे श्रीकृपेकरून" वाल्या बाजूला अशी काही मागणी नसते ना. करायचं इतकंच की तारखेच्या आत मेसेज टाकायचा, आम्ही दोघं येतोय, किंवा जमत नाहीये. हॉलवाल्याला ताटांचा आकडा आधी द्यावा लागतो. आणि नुसतं "रिग्रेट्स ओन्ली" लिहिलेलं असलं तर न येणाऱ्यांनीच कळवायचं.

ने, म्हणजे ई वर तिरकी रेघ असलेला तो तीन अक्षरी शब्द, श्रद्धांजलीच्या जाहिरातीत दिसतो. आपलं "पूर्वाश्रमीच्या". त्याच्यापुढे फक्त माहेरचं आडनाव येतं.

हॉटेलात आ ला कार्ट म्हणजे कार्डावरून एकेक पदार्थ निवडून, प्रत्येकाचा वेगळा भाव. याच्या उलट ताब्ल दोत, यजमान देईल ते, ठरलेल्या पैशात. आपल्याकडे त्याला थाळी म्हणतात आणि वाढपी वरून आग्रहही करतो. सूप द्यू झूर म्हणजे आजचं सूप, त्याला परत "ऑफ द डे" जोडायचं नाही. ऑन्ट्रे या शब्दावर मात्र भरवसा ठेवू नका, फ्रान्समध्ये ती जेवणाची सुरुवात असते आणि अमेरिकेत मुख्य डिश, त्यामुळे ऐरोलीहून न्यू जर्सीला कंपनीच्या कामाला गेलेला माणूस थोडंसं काहीतरी म्हणून ऑन्ट्रे मागवतो आणि समोर परात येते. ओ ग्रातां म्हणजे वरून खरपूस भाजलेलं, चीज किंवा ब्रेडचा चुरा घालून. वेटर "ऑग्रॅटिन" म्हणाला तर म्हणू दे, तुम्ही बोटानं दाखवा आणि खा. वेटरचे उच्चार सुधारणारी गिऱ्हाईकं मला तरी बघवत नाहीत.

ऑफिसात काय वापरायचं, काय सोडायचं

महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत सगळ्यात जास्त चालणारा म्हणजे वीझावी. मूळ अर्थ समोरासमोर, इंग्रजीत "च्या तुलनेत" किंवा "च्या संदर्भात". मागच्या क्वार्टरच्या वीझावी या क्वार्टरचा सेल. उच्चारात शेवटचा एस गिळायचा, मधला मात्र झ होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो, आणि लोक नेमकं उलट करतात. फेट अकॉम्प्ली म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, मीटिंग चर्चेला म्हणून बोलावलेली असते पण निर्णय आधीच झालेला असतो ते. कार्ट ब्लांश म्हणजे कोरा कागद, हवं ते लिहा, पूर्ण मोकळीक, बॉस तोंडानं देतो आणि बजेट आलं की काढून घेतो. बेट न्वार म्हणजे काळं जनावर, डोक्यात जाणारा माणूस किंवा विषय, याच्या न्वारला शेवटी ई लागते, सिनेमावाल्या न्वारला नाही. टूशे हा तलवारबाजीतला, समोरच्याचा वार लागला हे खिलाडूपणे मान्य करताना म्हणायचा. व्होल्ट-फास पेपरात राजकारण्यांसाठी येतो, त्याला आपलं घूमजाव इतकं चपखल आहे की मी भाषांतरही करत बसत नाही.

क्रेम द ला क्रेमचं मात्र मराठी करायला जाऊ नका. सायीवरची साय, निवडकातलं निवडक असा अर्थ, पण दुधावरची साय म्हटलं की आपल्याकडे नातवंडं डोळ्यासमोर येतात, कंपनीतले टॉप परफॉर्मर नाहीत.

वाला, म्हणजे "हे घ्या, झालं!", टाईप करताना शब्द व्ही-ओ-आय-एल-ए असा. आय आणि ओ ची अदलाबदल झाली की व्हायोला होतं, ते वाद्य आहे, व्हायोलिनचं मोठं भावंड. आणि डब्ल्यूनं सुरू केलं तर भाजीवाला होतो.

माझा सगळ्यात आवडता ऑफिसात वापरता येत नाही पण घडतो तिथेच. लेस्प्री द लेस्कालिए, जिन्यातली अक्कल. दिदरो हा अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक, नेकेर नावाच्या बड्या असामीकडे जेवायला गेला असताना कोणीतरी त्याला असं काही बोललं की त्याची बोलतीच बंद झाली, आणि त्यानं लिहून ठेवलंय की आपल्यासारख्या माणसाचं डोकं परत चालायला लागतं ते जिना उतरून खाली आल्यावर. तेव्हा दिवाणखाने वरच्या मजल्यावर असायचे म्हणून जिना. अप्रेझलमध्ये साहेब काहीतरी लागट बोलतो, आपण "हो सर" म्हणून बाहेर पडतो आणि सणसणीत उत्तर सुचतं ते ठाणे स्टेशनचा पूल उतरताना, ते हेच. इंग्रजीत स्टेअरकेस विट पण म्हणतात, ते म्हणायला सोपं.

राजनैतिक बातम्यांतले शब्द वाचता आले तरी पुरे, कारण युरोपात दोनेकशे वर्षं दूतावासांची भाषा फ्रेंच होती आणि १९१९ चा व्हर्सायचा तह इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत झाला तेव्हा कुठे ती पकड सुटायला लागली. शार्जे दाफेर म्हणजे राजदूत नसताना दूतावास सांभाळणारा. राज्यपालांच्या मागे गणवेशात उभे असतात ते एडीसी, म्हणजे एड-द-कां. कोर (म्हणजे पथक) ला "कॉर्प्स" म्हणू नका, एक ई वाढली की ते प्रेत होतं.

आणि मेडे. पनवेलजवळ आता विमानतळ आलाय म्हणून सांगते, वैमानिक संकटात ओरडतो त्या मेडेचा मे महिन्याशी संबंध नाही. १९२० च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर मॉकफर्ड नावाचे रेडिओ अधिकारी होते, तिथली बरीचशी वाहतूक पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी होती, दोन्हीकडच्यांना पटकन कळेल असा शब्द हवा होता, तर फ्रेंचमधल्या "मला मदत करा"शी जुळणारा मेडे त्यांनी सुचवला. जीवावरचं संकट नसेल पण बिघाड असेल तर पॅन-पॅन म्हणतात, तोही फ्रेंच पान, म्हणजे बिघाड, यावरून.

फ्रान्समध्ये गेल्यावर न चालणारं फ्रेंच

मुलं ट्रिपला जाऊन येतात आणि तक्रार करतात की मॅडम तिथे कोणाला कळलंच नाही. कसं कळणार, इंग्रजांनी काही वाक्प्रचार फ्रेंच शब्द घेऊन स्वतःच जुळवलेत, काही तिथे जुने झालेत. टोपणनावाला नॉम द प्लूम हे इंग्रजांचंच काम, फ्रेंच लोक सरळ स्यूदोनीम म्हणतात. दुहेरी अर्थाच्या विनोदाला इंग्रजीत डूब्ल ऑन्तान्द्र, तिथे दूब्ल सांस. ऑन-स्वीट म्हणजे त्यांच्या लेखी "नंतर", त्यामुळे हॉटेलात बाथरूम विचारायला हा शब्द उपयोगाचा नाही. रॉन्डेव्हू इंग्रजीत कसं चोरून भेटल्यासारखं वाटतं, फ्रान्समध्ये दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटही रॉन्देव्हूच. आणि रेझ्युमे मागितला तर सारांश देतील, नोकरीसाठी तिथे सीव्ही.

यातला सगळ्यात मजेशीर म्हणजे ऑन्कोर. गडकरी रंगायतनमध्ये नाट्यपद रंगलं की प्रेक्षक ओरडतात "वन्स मोअर", इंग्रजीत. लंडनमधले ओरडतात "ऑन्कोर", फ्रेंचमध्ये. आणि पॅरिसमधले ओरडतात "बिस", जो मुळात लॅटिन. आपल्या भाषेत मागितलं तर गायक परत गात नाही असा काहीतरी सार्वत्रिक समज दिसतोय.

उलट काही शब्द फ्रेंच वाटतात आणि नसतात. पर से, अ‍ॅड हॉक, व्हाइस व्हर्सा, प्रायमा फेसी, आणि कॉलेजच्या खिडकीवर रांग लावून घेतो ते बोनाफाईड, हे सगळे लॅटिन. यांना गिळायचा नियम लावू नका. अल फ्रेस्को इटालियन.

राहिलं टाईप करायचं. फोनवर इंग्रजी कीबोर्डमध्ये ई दाबून धरलं की टोप्या घातलेले सगळे ई वर येतात, बोट तसंच सरकवून हवा तो उचलायचा. विंडोजवर नंबरपॅड चालू ठेवून ऑल्ट दाबून ०२३३ मारलं की तिरक्या रेघेचा ई, ०२३२ ला उलट्या रेघेचा, ०२२४ ला उलट्या रेघेचा ए आणि ०२३१ ला फसाडमधला शेपटीवाला सी. बहुतेक इंग्रजी पेपर या खुणा आता गाळतात, तुम्हीही गाळा, काही बिघडत नाही. फक्त रेझ्युमेला लावलेल्या बऱ्या, नाहीतर ते रिझ्यूम, म्हणजे पुन्हा चालू करा, असं वाचलं जातं. पण फाईलच्या नावात त्या घालू नका हं, एखाद्या नोकरीच्या पोर्टलवर अपलोड केली की त्या अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात.